सापाच्या बिलाविषयी खुलासा

‘दुकानाचे बिल असले की कोणताही साप पाळता येतो, नोंदणी विक्रेत्याने करायची’ असा मजकूर गोव्यात मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. कुळागरात कोंबड्यांच्या खुराड्यात शिरणारा आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने त्याची खरेदी आणि विक्री हे दोन्ही गुन्हेच आहेत, मग बिल कितीही ठसठशीत असो. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीतील विदेशी सापाची गोष्ट वेगळी: 2024 च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यावर ठरलेल्या मुदतीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करणे ही बाळगणाऱ्याचीही जबाबदारी असून हस्तांतर, जन्म व मृत्यूही कळवावे लागतात. विक्रेत्याने स्वतःच्या नोंदणीची प्रत दाखवली नाही, तर व्यवहार तिथेच थांबवावा.