दोन मिनिटांचं काम आहे, कन्सोलवरूनच करा

क्लाउडवर ॲप चालवणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, तुमच्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना घेऊन आलोय. अनुभव ताजा आहे, गेल्या गुरुवारचाच. त्या संध्याकाळी मी तुळशीबागेत एका दुकानाच्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन दोन तास बसलो होतो. शेजारी मखराच्या झालरीची पिशवी आणि दुकानदाराने दयेपोटी मागवलेला चहा. तीन बायकांनी मला रेशमी तोरणाचा भाव विचारला.

तर पहिली सूचना. सगळं इन्फ्रास्ट्रक्चर (सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क) कोडमध्ये लिहा. टेराफॉर्म घ्या (कोडमध्ये लिहिलेलं क्लाउडवर उभं करणारं साधन), कोड ठेवायला रेपो काढा, मोड्यूल पाडा, क्लायंटला स्लाइड दाखवून छाती फुगवून सांगा, "आमच्याकडे सगळं कोडमध्ये असतं!" आणि खरोखर बदल करायची वेळ आली की ब्राउझर उघडा आणि कन्सोलवरून, म्हणजे क्लाउड कंपनीच्या वेबपानावर बटणं दाबून, करून टाका. दोन मिनिटांचं तर काम. पीआर, म्हणजे बदल तपासायची विनंती, कोण टाकत बसणार, रिव्ह्यूसाठी कोणाच्या मागे लागणार? कोडमध्ये एक आणि क्लाउडवर भलतंच, यात नवल ते काय? आपल्याकडे सातबारा आणि शेत यांचं तरी कुठे जुळतं!

केलेला बदल कोणालाही सांगू नका. गुप्तदानाचं पुण्य मोठं.

स्टेट फाइल, म्हणजे टेराफॉर्मने काय काय उभारलं त्याची नोंद, आपापल्या लॅपटॉपवर ठेवावी. उदार मन असेल तर गिटमध्ये, सगळ्यांच्या कोडशेजारी, टाकावी. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात साध्या अक्षरांत पडलेला असतो, त्यामुळे नव्या माणसाला तो वेगळा द्यायचा त्रास वाचतो. तुम्ही व्हेरिएबलपुढे 'सेन्सिटिव्ह' लिहिलंत म्हणून स्क्रीनवर तो झाकला जातो, फाइलमध्ये नाही. पण स्क्रीनवर नाही दिसला म्हणजे झालं की.

दोघांनी एकाच वेळी बदल करू नयेत म्हणून टेराफॉर्म लॉक लावतं; ते लागलं असेल तर फोर्स-अनलॉक करा. ते कोणी आणि कधी लावलं हे तिथेच लिहिलेलं असतं, पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं आपल्या संस्कारात बसत नाही.

आता मुख्य सूचना. प्लॅन, म्हणजे टेराफॉर्म काय बांधणार, बदलणार आणि पाडणार त्याची आधी येणारी यादी, वाचू नका. लांबलचक असतो, रंगीबेरंगी असतो, शेवटची ओळ बघितली की पुरते. पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप क्लाउडवर लावणारी साखळी) ऑटो-अप्रूव्ह घातलंत तर कोणाला न विचारता प्लॅन अमलात येतो, मग तीही बघायला नको. आम्ही असंच केलं होतं. पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगतो.

आमचं ॲप कोकणात जाणाऱ्या खासगी बसची तिकिटं विकतं. गणपतीआधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा वर्षाचा धंदा. बुकिंग उघडलं त्या रात्री डेटाबेस धापा टाकायला लागला, तेव्हा आमच्या एका वरिष्ठांनी साडेअकराला कन्सोलवर जाऊन लार्जचा चौपट मोठा टू-एक्स-लार्ज केला. छान केलं. त्या घटकेला तेच करायला हवं होतं, मीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी कोडमध्ये एक ओळ बदलायची होती, ती राहिली. ग्रुपवर एक ओळ टाकायची होती, तीही राहिली. सीझनमध्ये अप्लाय (प्लॅन अमलात आणणं) करायचं नाही असा आमचा अलिखित नियम आहे, म्हणून आठ दिवस कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

अलिखित नियमाची गंमत अशी की नव्या माणसाला तो वाचता येत नाही. गुरुवारी आमच्याकडच्या नव्या पोराला कोडमध्ये स्पेलिंगची चूक सापडली. डेटाबेसशी कोणी बोलायचं ते ठरवणाऱ्या सिक्युरिटी ग्रुपचं जे वर्णन असतं, त्यात 'डेटाबेस' लिहिताना एक 'ए' गाळलेला. पोरगं गुणी. त्याने 'ए' घातला. रिव्ह्यू करणाऱ्याने पाहिलं, एका अक्षराचा फरक. लगेच अंगठा. मर्ज, आणि लगोलग पाइपलाइनने अप्लाय.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी इथेच डोळे मिटले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो : एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) सिक्युरिटी ग्रुपचं वर्णन एकदा लिहिलं की लिहिलं, मागाहून बदलता येत नाही. त्यामुळे टेराफॉर्मला एकच वाट उरते, जुना ग्रुप पाडायचा आणि नवा बांधायचा. प्लॅनमध्ये तसं ढळढळीत छापलेलं होतं, 'फोर्सेस रिप्लेसमेंट' म्हणून. वाचणार कोण? आमचे ग्रुपचे नियम कोडमध्ये वेगळ्या तुकड्यांत (रिसोर्समध्ये) लिहिलेले, म्हणून आधी ते उडाले. नियम उडाल्याबरोबर ॲपचं डेटाबेसशी बोलणं बंद. मग ग्रुपची पाळी. तो डेटाबेसला जोडलेला, आणि वापरात असलेला ग्रुप पाडू देत नाहीत. पण टेराफॉर्म चिवट. पंधरा मिनिटं ते 'स्टिल डिस्ट्रॉइंग, स्टिल डिस्ट्रॉइंग' करत त्याच दारावर धडका देत राहिलं. संध्याकाळी सात वाजता. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीची तिकिटं काढायला माणसं फोनला डोळे लावून बसलेली असताना. एका 'ए'साठी!

पायरीवर बसून मी तो 'ए' परत काढला. प्लॅन चालवला. शेवटची ओळ आली : ३ टू ॲड, १ टू चेंज, ० टू डिस्ट्रॉय. शून्य डिस्ट्रॉय बघून जीव भांड्यात पडला आणि मी 'येस' टाइप केलं.

'१ टू चेंज' काय होतं, विचारा ना. तो डेटाबेस होता. कोडमध्ये लार्ज, क्लाउडवर टू-एक्स-लार्ज. टेराफॉर्मने प्रामाणिकपणे कोडचं ऐकलं. एरवी असा बदल मेंटेनन्स विंडोपर्यंत, म्हणजे देखभालीच्या ठरलेल्या वेळेपर्यंत, थांबतो, पण आमच्याकडे टेस्टिंगच्या काळात कोणीतरी 'अप्लाय इमिजिएटली' चालू करून ठेवलं होतं, ते काढायचं राहिलेलं. खर्च वाचवायचा म्हणून स्टँडबायही (तयार ठेवलेला दुसरा डेटाबेस) नाही. डेटाबेस रीस्टार्टला गेला आणि आला तो एक चतुर्थांश होऊन आला. मग परत मोठा करा, परत रीस्टार्ट. मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे हो, तो मीच वाढवला होता. दोन मिनिटांचं काम होतं. तुला बोललो नव्हतो का?"

नाही, सर. बोलला नव्हतात.

असो. सूचना चालू ठेवतो, माझा बीपी वाढला तरी चालेल.

डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लिहून निर्धास्त झोपा. कोणी तो अख्खा ब्लॉकच कोडमधून काढला तर ती ओळही ब्लॉकबरोबर जाते आणि मग अडवायला कोणी उरत नाही, हा विचार रात्री करू नये. सोबत 'स्किप फायनल स्नॅपशॉट' ट्रू ठेवावं, म्हणजे पाडताना शेवटची प्रत घेतली जात नाही, मागे काही उरत नाही. विधी आटोपशीर होतो.

यादीतून एकसारखे रिसोर्स बनवताना नावाने ओळखणारं 'फॉर-ईच' नको, क्रमांकाने ओळखणारं 'काउंट'च वापरा. समजा पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी अशी डेपोंची यादी आहे. पुणे काढलंत की कोल्हापूर शून्य नंबरवर सरकतं, रत्नागिरी एकवर, आणि टेराफॉर्मला वाटतं सगळी गावं बदलली. मग ते एकेक गाव पाडून नव्याने वसवतं. बघायला मजा येते.

प्रोव्हायडरची, म्हणजे टेराफॉर्मला क्लाउडशी जोडणाऱ्या प्लगिनची, आवृत्ती बांधू नका. रोज सकाळी नवं काहीतरी घडायला हवं.

डेमो झाल्यावर डिस्ट्रॉय करू नका, लागेल पुढे-मागे. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या) पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, वापरा नाहीतर पडू द्या. एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलर आणि वर थोडे. आमच्याकडे असे बेवारस किती निघाले ते सांगत नाही, अकाउंट्सवाल्या ताई हे वाचतात.

पॅरामीटर रिकामा सोडायला घाबरू नका, डिफॉल्ट काहीतरी बऱ्यापैकीच असेल. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड उभारताना गूगलच्याच माणसांकडून एक पॅरामीटर रिकामा राहिला. डिफॉल्ट निघालं एक वर्षाची मुदत आणि मुदत संपली की आपोआप साफ. मे २०२४ मध्ये ते साफ झालं. दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप ठेवलेले होते म्हणून बिचारे तरले. तुम्ही ठेवू नका, खर्च येतो.

चर्चेची हौस असेल तर टेराफॉर्म की ओपनटोफू यावर करा. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पने परवाना बदलला, लोकांनी रागाने त्यालाच फाटा फोडून ओपनटोफू काढलं, आणि तेव्हापासून आमच्या टीमच्या त्यावर तीन मीटिंगा झाल्या. कोड आणि क्लाउड यांच्यात पडलेल्या अंतरावर एकही नाही.

आणि काही घडलंच तर अहवालात 'तांत्रिक अडचण' लिहा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं. मग कळलं की बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या (दुसरीकडे प्रत चालू ठेवण्याच्या) पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्या वेड्यांनी काय करावं? सगळं जाहीर लिहून काढलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. आमचा गुरुवारचा अहवाल दीड ओळीचा आहे. त्यात 'कन्सोल' हा शब्द नाही, 'ऑटो-अप्रूव्ह' नाही आणि मी न वाचता टाइप केलेलं 'येस'ही नाही. त्या पोराचा पीआर तेवढा नंबरासकट आहे.

इथे मात्र माझं हसू संपतं. ज्याने स्पेलिंग सुधारलं त्याचा नंबर लिहिता? त्याने पीआर टाकला, रिव्ह्यू मागितला, रिव्ह्यू मिळाला. आमच्या सगळ्यांत नियमाने वागलेला तो एकटा आहे. शुक्रवारी तो मला विचारत होता, "दादा, मी पुढे असं काही दुरुस्त करू की नको?" काय सांगू त्याला?

कन्सोलला हात लावू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. आग लागल्यावर बादली कोणाची ते कोण बघतं. पण सकाळी उठून ती एक ओळ कोडमध्ये लिहा ना! एक ओळ! पगार घेताना सगळ्या ओळी नीट वाचता. आणि रिव्ह्यूवाल्यांनो, तुम्ही कोडचा फरक बघून अंगठे दाखवता. कोडमध्ये एक अक्षर होतं, प्लॅनमध्ये पाडापाडी होती. पीआरला प्लॅन चिकटवा, तो वाचा, वाचला नसेल तर अप्रूव्ह करू नका. मलाही हेच लागू. शून्य डिस्ट्रॉय बघून खूश झालो, एक चेंज काय आहे ते बघायला वीस सेकंद लागली असती. नाही बघितलं. चूक माझी, आणि ती मी अहवालात घालायला लावणार आहे.

रोज रात्री प्लॅन आपोआप चालवायचा, 'डिटेल्ड एक्झिटकोड' लावायचा, म्हणजे निकाल आकड्यात मिळतो. काही फरक नसेल तर ० येतो, फरक असेल तर २. दोन आला की ग्रुपवर मेसेज. अर्ध्या दिवसाचं काम. जानेवारीपासून मागतोय आणि दर वेळी उत्तर एकच, "या स्प्रिंटमध्ये बसत नाही." शनिवारी मी घरी बसून ते लावलं. कोणाला विचारलं नाही.

आज सकाळी २ आला. प्रॉडक्शन डेटाबेसचं डिलीशन प्रोटेक्शन (तो पुसू न देणारं कुलूप) कोडमध्ये ट्रू आहे, क्लाउडवर फॉल्स. काल संध्याकाळपर्यंत ट्रू होतं. कोणी बंद केलं ते क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत) मला दिसतंय, वेळेसकट. तरी नाव लिहीत नाही. दुपारी दोनच्या कॉलवर स्वतः सांगा.