रॅनवर्थच्या धक्क्यावरचा शेरा

एका अनोळखी माणसाच्या वहीत माझ्या बोटीपुढे ३ हा आकडा लिहिलेला आहे. तो चुकीचा आहे. खरा आकडा २. फार तर अडीच. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं मन कलुषित व्हायला नको.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं नॉर्फोक ब्रॉड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नद्या आणि तळ्यांच्या जाळ्यात, चार दिवस भाड्याची बोट घेऊन हिंडलो. नावाडी नाही, खानसामा नाही. चालवायची आपण, धुवायची आपण. इंग्लंडात मोटार चालवायला आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. पण दहा मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, पोटात पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास घेऊन फिरणारी डिझेल बोट भाड्याने घ्यायला कसलंही लायसन लागत नाही. बोटवाल्यांचा विशीतला पोरगा आला आणि अर्धा तास आमच्याबरोबर हिंडला. म्हणाला, नदीच्या उजव्या अंगाने चाला, शिडाच्या बोटीला वाट द्या, पाटीवरचा वेग पाळा, आणि काहीही झालं तरी हात किंवा पाय मध्ये घालून बोट अडवायला जाऊ नका. काठावर उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं, हे बजावून तो स्वतः उडी मारून गेला.

मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे टँकरची वाट बघायची. बायको गुहागरची. तिच्या आजोबांचा मचवा होता. तिने स्वतः जन्मात वल्हं धरलेलं नाही, पण मचवा रक्तातून उतरतो अशी तिची पक्की समजूत आहे. त्यामुळे बोट घेऊन रॉक्सम गाव सोडल्यापासून सुकाणू माझ्या हातात आणि हुकूम तिच्या तोंडात, अशी वाटणी आपोआप झाली.

बोटीला ब्रेक नसतो. हे ऐकायला सोपं वाटतं. थांबायचं तर गिअर मधल्या खाचेत आणायचा, क्षणभर थांबायचं आणि मग मागे टाकायचा. तेवढ्यात बोट आपल्या मर्जीने जिथे जायचं तिथे जाते. शिवाय ती वळते मागून. मोटारीचं नाक वळलं की धड मागोमाग येतं. बोटीचं नाक डावीकडे वळवलं की ढुंगण उजवीकडे फेकलं जातं, आणि उजवीकडे नेमकी कुणाची तरी नवी रंगवलेली बोट बांधलेली असते. आणि मागे जाताना तर सुकाणू जवळजवळ शोभेचंच. पुढे जाताना बोटीखालच्या पंख्याने ढकललेलं पाणी सुकाणूवर आदळतं, म्हणून ते ऐकतं. मागे जाताना ते पाणी पुढे फेकलं जातं, सुकाणूच्या पात्याला काही लागतच नाही. शिवाय पंखा एकाच दिशेला फिरत असल्याने मागचं टोक एका बाजूला ओढलं जातं. आमच्या बोटीचं डावीकडे. हे मला आता माहीत आहे. मंगळवारी दुपारी माहीत नव्हतं.

रोज सकाळची पूजाही सांगून ठेवतो, कारण 'निवांत सुट्टी' असं पत्रकात छापलेलं होतं. इंजिनाचं तेल काडीने बघायचं. नदीचं पाणी इंजिन थंड करायला आत येतं, त्याची गाळणी उघडून शेवाळ आणि गवत काढायचं. नाही काढलं तर तासाभरात तापमानाचा काटा वर चढतो आणि भोंगा बोंबलायला लागतो. पंख्याच्या दांड्याजवळची ग्रीसची टोपी थोडी पिळायची, नाहीतर तिथून पाणी आत ठिबकतं. पिण्याच्या पाण्याची टाकी दिसेल त्या नळावर भरायची. दोघांना किती पाणी लागणार, असं म्हणणाऱ्याने गुहागरच्या माणसाला आंघोळ करताना पाहिलेलं नसतं. रात्री इंजिन बंद ठेवायचं असतं, त्यामुळे हीटर, दिवे, फ्रिज सगळं बॅटरीवर. दोन दिवे जास्त लावले की पहाटे हीटर मरतो. मे महिन्यातली नॉर्फोकची पहाट ही आपली मे महिन्यातली पहाट नव्हे.

या सगळ्या तळ्यांचा जन्म मात्र मला फार आवडला. मध्ययुगात इथल्या लोकांनी जळणासाठी दलदलीतला पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती, खणला. शेकडो वर्षं खणत राहिले. मग समुद्राची पातळी चढली, खड्ड्यांत पाणी भरलं, आणि लोकांनी ते तसंच सोडलं. पुढे सगळे विसरले. ही तळी निसर्गाने केली असंच सगळे धरून चालले होते. १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी ठिकठिकाणी भोकं पाडून तळाची माती काढली आणि दाखवलं की तळ्यांच्या कडा सरळ उभ्या आहेत, कुदळीने कापल्यासारख्या. म्हणजे खड्डेच. तुंबलेले. आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेने हे वाचायला हवं. बुजवू नका, बोटी सोडा.

तर रॅनवर्थ. ब्युअर नदीतून एक चिंचोळा पाट आत जातो, आणि पुढे माल्टहाउस ब्रॉड नावाचं तळं उघडतं. त्याच्या टोकाला धक्का. इथे बोट काठाला लांबीने लावायची नसते. पाठ धक्क्याला आणि तोंड तळ्याकडे, अशी बैल बांधल्यासारखी ओळीने लावायची. जागा वाचते. इज्जत वाचत नाही.

रीत अशी. वारा कुठून आहे ते बघायचं. रिकाम्या जागेच्या जरा वाऱ्याकडच्या बाजूने पाठ करायची. धक्क्यापासून बोटीच्या दीड-दोन लांब्या आधी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, चिखलात वजन सोडायचं. हे वजन म्हणजे मोठ्या वरवंट्यासारखा लोखंडी ठोकळा. ते फेकायचं नाही, दोरीने उतरवायचं. आणि त्याआधी दोरीचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे का ते बघायचं. हसू नका. मग हळूहळू मागे यायचं. पुढच्याने दोरी सोडत राहायचं, पण थोडी ताणूनच, म्हणजे नाक वाऱ्याने भरकटत नाही. मागचं टोक धक्क्याला लागलं की पाऊल टाकून उतरायचं, वाऱ्याकडची दोरी आधी बांधायची, मग दुसरी. इंजिन तोवर बंद करायचं नाही.

आम्ही धक्क्याच्या समोर आलो तेव्हा रिकाम्या जागेच्या बरोबर मागे, काठावर, एक आजोबा घडीच्या खुर्चीत बसले होते. बाजूला थर्मास. पायाशी म्हातारा काळा लॅब्राडोर. मांडीवर रेघी वही, तिला रबरबँड. मी गिअर मागे टाकला तसे आजोबांनी पेनाचं टोपण काढलं. कुत्रा उठला, तीन पावलं मागे जाऊन बसला. मग आजोबांनी थर्मास उचलून कुत्र्याशेजारी ठेवला. कुणी काही बोललं नाही. सगळं सरावाने चाललं होतं.

पहिल्या खेपेला मी वजन सोडायच्या आत मागे आलो. नाक वाऱ्याने फिरलं आणि आम्ही शेजारच्या बोटीला समांतर होऊन तिच्या खिडकीतून आतल्या बाईंचं जेवणाचं ताट पाहिलं. सॉसेज होते. मी पुढे निघून गेलो. दुसऱ्या खेपेला वजन पडलं, पण बायको दोरी सोडेना. 'अहो, तुम्ही जोरात येताय, मी सोडणार नाही!' 'अगं, सोडल्याशिवाय बोट मागे कशी येईल?' 'आधी हळू या, मग सोडते!' हा संवाद मराठीत होता, पण तळ्यावरच्या सर्वांना कळला असावा. पंचवीसेक किलोचं वजन परत ओढून वर घेतलं; त्याबरोबर सुमारे पाच किलो चिखल डेकवर आला. तिसऱ्या खेपेला बोट लागली.

दोऱ्या बांधून मी उभा राहिलो, तेव्हा आजोबा म्हणाले, 'नाव?'

मी माझं नाव सांगितलं.

'बोटीचं,' ते म्हणाले.

बोटीचं सांगितलं. त्यांनी लिहिलं. मी वाकून पाहिलं. पट्टीने रकाने आखलेले होते: तारीख, बोट, प्रयत्न, शेरा. आमच्या ओळीत प्रयत्न ३.

'तुम्ही इथले अधिकारी का?' मी विचारलं.

'छे, छे.'

'मग हे?'

'मंगळवार आहे ना,' ते म्हणाले. जणू यात सगळं आलं. मग माझं तोंड पाहून पुस्ती जोडली, 'गुरुवारी मी हॉर्निंगला असतो.'

मी म्हटलं, पहिला मोजू नका, तेव्हा मी नुसता अंदाज घेत होतो. त्यांनी क्षणभर विचार केला. खरोखर केला, माणूस न्यायी होता. 'गिअर मागे पडला होता?'

'पडला होता.'

'मग मोजावा लागतो.'

'पण मी तो अर्ध्यात सोडला!'

'सोडलेलाही धरतो. नाहीतर सगळेच सोडतील.'

बारावीला माझे गणितात तीन मार्क चुकून कमी लागले होते. बोर्डाकडे फेरतपासणीचा अर्ज केला, फी भरली, उत्तर आलं: बदल नाही. तेव्हापासून ज्याच्या हातात वही असते त्याच्याशी मी वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. पण इथे फीसुद्धा नव्हती.

'वारा होता,' मी म्हटलं.

'थोडा होता, हो.'

'थोडा? माझी टोपी तळ्यात गेली!'

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. टोपी दोन बदकांच्या मधोमध तरंगत होती. 'टोपीचा रकाना नाही,' ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

'आणि वाऱ्याचा?'

'तोही नाही. तो घातला तर प्रत्येक जण वाराच सांगतो.'

'मग शेऱ्यात लिहा.'

'शेरा लिहून झालाय.'

'काय लिहिलंय?'

त्यांनी वही मिटली आणि रबरबँड दोनदा गुंडाळला. 'ते खासगी असतं,' ते म्हणाले.

आता इथे मला राग आला, आणि तो अजून आहे. आपल्याकडे कुठल्याही घाटावर होडी वाकडी लागली असती तर दहा जण धावले असते. दोघांनी शिव्या दिल्या असत्या, तिघांनी दोरी ओढली असती, एकाने उलटी ओढली असती, आणि पाच मिनिटांत चहा आला असता. इथे डावी-उजवीकडच्या सहा बोटींवरचे लोक कपांच्या आडून बघत होते. बोट बांधून झाल्यावर सगळे एकसुरात म्हणाले, छान संध्याकाळ आहे. एकवीस वर्षं मी या देशात राहतोय. कुणी कधी तोंडावर वेडंवाकडं बोललेलं नाही. पण कुठे कुठे काय काय लिहून ठेवलं असेल, कोण जाणे.

संध्याकाळी मी रॅनवर्थच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. वेड्यावाकड्या ८९ पायऱ्या, वर दोन शिड्या, मग डोक्याने उघडायचं झाकण. चर्चमध्ये पंधराव्या शतकातला रंगवलेला लाकडी पडदा आहे, लोक तो बघायला लांबून येतात. मी वारा बघायला गेलो होतो. वर वारा होता. भरपूर होता. पण मनोऱ्यावरचा वारा धक्क्यावर पुरावा म्हणून चालत नाही, हे खाली उतरताना लक्षात आलं. वरून आणखी एक गोष्ट दिसली: सगळ्या बोटी कंगव्याच्या दातांसारख्या सरळ, एकच तिरकी. मागच्या दोन दोऱ्या एकमेकींना छेद देऊन बांधायच्या असतात, डावीकडची उजव्या खुंट्याला आणि उजवीकडची डाव्या. सरळ बांधल्या की बोट झोके घेते.

खाली आलो तर बायको आजोबांशेजारी बसलेली. तिने त्यांना बशीत चिवडा दिला होता. आजोबा एकेक पोहा उचलून खात होते आणि कढीपत्त्याची पानं बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवत होते. कुत्र्याला शेंगदाणे पोचत होते. भरती-ओहोटीवर बोलणं चाललं होतं. ग्रेट यार्मथला समुद्राचं पाणी आत शिरतं, तिथे खालच्या पाण्याची वेळ साधून पूल गाठायचा, उधाणाच्या दिवसांत तर जास्तच सांभाळायचं. इथवर येईतो मात्र ते वीतभरही उरत नाही. 'आमच्याकडे उधाण आणि भांग म्हणतात,' ती सांगत होती. आजोबा मान डोलवत होते. निघताना त्यांनी तिला म्हटलं, दोरी तुम्ही फार नीट धरली होती.

'शेरा वाचलास का?' मी रात्री विचारलं.

'लोकांच्या वह्यांत डोकावायची आमच्याकडे पद्धत नाही,' ती म्हणाली, आणि कुशीवर वळली. वाचलाय. नक्की वाचलाय.

बुधवारी सकाळी सात वाजता तळं काचेसारखं होतं. मी इंजिन सुरू केलं, एक दोरी आधी सोडली, मग दुसरी, बायकोने वजन उचललं, मध्येच पाण्यात दोनदा हिसडून चिखल धुतला, आणि बोट एका दमात, सरळ रेषेत, शेजारच्या दोन्ही बोटींपासून हातभर अंतर राखून बाहेर पडली. मी मागे वळून पाहिलं. काठावर खुर्ची नव्हती. कुत्रासुद्धा नव्हता.

शुक्रवारी बोट परत केली. तोच पोरगा आला, बोटीभोवती फिरला आणि फेंडर, म्हणजे धक्का लागू नये म्हणून बोटीच्या बाजूंना लटकवलेल्या उशा, मोजले. एक कमी होता. रॅनवर्थलाच, दुसऱ्या खेपेला गेला असणार. त्याने तक्त्यावर लिहिलं: फेंडर १, पंचवीस पौंड. पुढे शेऱ्याचा रकाना होता, रिकामा. मी म्हटलं, तिथे 'वारा होता' असं लिही. त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि लिहिलं.

पंचवीस पौंड घेतलेच.