सायनो तीन दिवसांत ‘कायमचा’ घालवणारी कृती

रीफ टाकीच्या, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या, हौशी मंडळींत एक कृती सारखी फिरत असते. वाळूवर सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) लाल-जांभळा, बुडबुडे धरलेला चिकट थर दिसला की एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून पाण्यात टाका, तीन दिवस टाकीवर चादर घाला, माशांचं खाणं बंद करून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा, उरलेलं गोगलगायी खातील. सायनो कायमचा गेला म्हणून समजा! ही कृती सरसकट खोटी असती तर कधीच बंद पडली असती. तिचा पहिला भाग खरा आहे, म्हणून ती टिकून आहे.

आधी गोळीचं बघू. सायनोबॅक्टेरिया हे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत. लाल रंग त्यांच्यातल्या फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा. जीवाणू असल्यामुळेच एरिथ्रोमायसिन त्यांना मारतं आणि हिरव्या केसाळ शेवाळाला हात लावत नाही. दोन-तीन दिवसांत थर विरतो, टाकी चकचकीत दिसते आणि फोटो नेमका त्याच दिवशी काढला जातो. पण मेलेला थर गेला कुठे? कुठेच नाही, तो टाकीतच कुजतो. २६ अंश सेल्सियसला, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) क्षारतेच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यापेक्षा बराच कमी. कुजवणारे जीवाणू तोच वापरतात, रात्री प्रवाळही वापरतात. त्यात औषधामुळे स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाळून उतू जातो, म्हणून लोक तो बंदच करून टाकतात. पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडताना दिसतात ते यामुळे.

शिवाय थरात अडकलेलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं, पुढच्या पिढीसाठी तयार. काही आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात तोच लाल डाग उगवला, तर दोष गोळीच्या कंपनीचा नाही. टाकीतले अमोनिया पचवणारे जीवाणूही अँटिबायोटिकने दुखावू शकतात. आणि हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं असतं, ते कुटून शेवटी बदललेल्या पाण्याबरोबर गटारात सोडायचं, हे मला तरी पटत नाही.

अंधाराचा उपाय निरुपद्रवी आहे, पण त्याच्याबद्दलचा समज चुकीचा. बहुतेक प्रवाळ तीन दिवसांचा काळोख सहज सोसतात. अडचण अशी की सायनोही सोसतो. वरचा थर गळून पडतो. वाळूत शिरलेले तंतू साठवलेल्या साखरेवर तग धरतात, आणि त्यातल्या अनेक जाती सरपटत पुन्हा उजेडाकडे येतात.

खरा घोळ ‘शून्यावर आणा’ मध्ये आहे. सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरतात. नायट्रेट संपवलं की उपाशी राहतात ते प्रवाळातले शैवाल आणि सायनोशी जागेसाठी झगडणारे इतर जीव. या जातींना मात्र मोकळं रान मिळतं. याचा पुरावा आपल्याच समुद्रात आहे. पावसाळ्याआधी, फेब्रुवारी ते मेच्या सुमारास अरबी समुद्र शांत असतो आणि वरच्या पाण्यातलं नायट्रेट जवळपास संपलेलं असतं. नेमकं तेव्हाच गोव्याच्या किनाऱ्याजवळ ट्रायकोडेस्मियम ही नायट्रोजन वायू वापरणारी सायनोचीच जात लाकडाच्या भुशासारखी तरंगताना दिसतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने याचा बराच अभ्यास केला आहे. टाकीतल्या जाती वेगळ्या, पण नायट्रेट नाही म्हणजे सायनो नाही, हे गणित समुद्रानेच मोडीत काढलं आहे.

टेस्ट किटवरच्या शून्यालाही फार भुलू नये. फॉस्फेट थराने शोषून घेतलेलं असलं तर पाण्यात ते सापडणारच नाही. कोरड्या, मृत खडकावर उभारलेल्या नव्या टाकीत तर खडकच महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडत राहतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्ष भागांत २ ते १० भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलेल्या टाकीत प्रवाळ चांगले राहतात. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट चढं असेल तर नायट्रेट हळूहळू वाढवावं लागतं. नायट्रेट उतरवण्यासाठी टाकीत व्हिनेगर किंवा व्होडका घालणाऱ्यांनी आधी त्याची मात्रा कमी करून बघावी.

शून्याचा दुसरा धोका डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा. तपकिरी, शेंबडासारख्या तारा लोंबणारा, बुडबुडे असलेला थर अनेकजण सायनोच समजतात. त्याच्यावर एरिथ्रोमायसिन चालत नाही, आणि अतिस्वच्छ पाण्यात तर तो आणखी माजतो. साध्या शाळकरी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहा: लांब तंतू दिसले तर सायनो, सुट्या पेशी गरगर फिरताना दिसल्या तर डायनो. हे न पाहता औषध ओतणं म्हणजे रक्त न तपासता मलेरियाची गोळी देणं.

गोगलगायींबद्दल फार लिहायला नको. टर्बो आणि ट्रोकस शेवाळ खातात. सायनोच्या थराला सहसा वळसा घालून जातात.

मग करायचं काय? दुपारी थर फुगलेला असतो तेव्हा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) बंद करून बारीक पाइपने तो चादरीसारखा ओढून बाहेर काढा. त्याच्याबरोबर त्यात अडकलेलं फॉस्फेटही जातं, जे गोळीने जात नाही. सम्पमधला (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतला) गाळ काढा, पाणी जिथे साचून राहतं तिथे प्रवाह वळवा, माशांना द्यायची गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) वितळवून तिचं पाणी फेकून द्या. पाणी बदलताना स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. अशा बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टाकीला डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) आलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणी लागतं. नवी टाकी असेल तर एवढं करून काही आठवडे थांबा.

तरीही थर प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवत असेल तर औषध जरूर वापरा, पण मत्स्यटाकीसाठीच बनवलेलं. मेडिकलच्या गोळीत औषधाबरोबर बाइंडर आणि लेपही असतो. आधी हाताने काढता येईल तेवढा थर काढा, औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन बाहेर ठेवा, एअरस्टोन रात्रंदिवस चालू ठेवा, मात्रा लेबलवरचीच घ्या. नंतर पाणी बदलून ताजा कार्बन टाका आणि पुढचा आठवडाभर अमोनिया तपासत राहा.