रॅम्प फक्त सरकारी इमारतीला? अहो, कायदा तरी वाचा की

आठवडाभर एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय, मला चार जणांनी पाठवला आणि त्यातला एक माझाच मावसभाऊ. मेसेज थोडक्यात असा: अपंगांसाठी रॅम्प, लिफ्ट, वेगळं टॉयलेट ही सक्ती फक्त सरकारी इमारतींना, खासगी दुकान-दवाखाना-मंगल कार्यालयाला कोणी हात लावू शकत नाही, जुन्या बिल्डिंगला तर नाहीच नाही, सुप्रीम कोर्टानेच तो नियम रद्द केलाय, आणि शंभरात दोन माणसांसाठी लाखोंचा खर्च कशाला, आलाच कोणी तर चार पोरं उचलून नेतात.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. कॅलिपर (पायाला पट्ट्यांनी बांधायचा आधार) आणि काठीवर चालतो, लांबचं असेल तर व्हीलचेअर. म्हणून हा कायदा मला वाचावाच लागलाय, हौस म्हणून नाही.

आधी "फक्त सरकारी" बघू. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्याच अशी आहे की सरकारी असो वा खासगी, लोकांची ये-जा जिथे आहे ती सार्वजनिक. शाळा, दवाखाना, दुकान, कामाची जागा, देऊळ सगळं आलं त्यात. कलम ४४ सांगतं की नकाशा नियमात बसत नसेल तर संस्थेला बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारापर्यंत दंड, नंतर ५० हजार ते ५ लाख. हां, तुमच्या राहत्या बंगल्यात कोणी रॅम्प मोजायला येत नाही, तेवढी भीती काढून टाका.

जुन्या बिल्डिंगचं काय? कलम ४५. नियम आले १५ जून २०१७ ला, तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. "नाहीच नाही" म्हणणाऱ्याने कॅलेंडर बघावं.

आता कोर्टाचं, हे सगळ्यात भारी आहे, कारण अर्धं खरंय. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या केसमध्ये त्या २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) खरंच अवैध ठरवला. पण का ठरवला? त्या नियमात ठेवलेल्या गाईडलाईन्स नुसत्या शिफारशीसारख्या होत्या, पाळल्या तर पाळल्या, आणि मूळ कायदा तर सक्ती म्हणतोय. म्हणून कोर्ट म्हणालं, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. म्हणजे निकाल आहे कडक करा असा आणि मेसेजवाला सांगतोय सुटलो म्हणून! रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत, त्यांनी ही लढाई काय दुकानदारांची सुटका करायला लढली होती का.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, पण उलटा मांडलाय. रॅम्पचा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, त्याला अठरा फूट रॅम्प. ही जागा नकाशातच सोडली तर खर्च म्हणजे थोडा भराव, काँक्रीट आणि दोन बाजूंना रेलिंग. बिल्डिंग झाल्यावर मग आठवलं की चार फुटांत कोंबतात, तसला रॅम्प एका दवाखान्यात बघितलाय मी, घसरगुंडीच ती, वर गुळगुळीत ग्रॅनाईट आणि खाली कंपाउंडरची गाडी लावलेली. चढताना मागचा माणूस दमतो आणि उतरताना आपण देवाचं नाव घेतो. टॉयलेटचं तसंच. दरवाजा ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण तीन फूट पाहिजे, लावतात अडीचचा, तोही आत उघडणारा, मग खुर्ची आत गेली की दार लागत नाही. दार बाहेर उघडायला लावायचे काय लाख रुपये लागतात का हो?

"शंभरात दोन" हा आकडा २०११ च्या जनगणनेतला, २.२१ टक्के, म्हणजे देशात २ कोटी ६८ लाख माणसं. कमी वाटतात तर वाटू देत. पण रॅम्पवरून फक्त व्हीलचेअर जाते असं कोणी सांगितलं? सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर मांडी घालून बिड्या वळलेल्या म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या गुडघ्यांना विचारा पायरी म्हणजे काय ते. पोटुशी बाई, प्लॅस्टर घातलेला पोरगा, चादरीचे गठ्ठे ढकलणारा हमाल, सगळे तिथूनच जातात. आणि "आमच्याकडे तसलं कोणी येतच नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराला काय बोलायचं, दारातच दीड फुटाचा ओटा बांधलाय, येणार कुठून.

राहिलं उचलून न्यायचं. होटगी रोडकडच्या एका मंगल कार्यालयात पुतणीचं लग्न होतं, बाहेर मोठी कमान, आत झुंबर, आणि जेवण पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवसभर व्हीलचेअरवर होतो. चार पोरं आली, काका उचलतो की, म्हणाली, मनाने चांगली पोरं. एकाचा हात काखेत, एकाचा कॅलिपरच्या पट्ट्यावर, तिसऱ्याने खुर्चीचं चाक धरलं आणि ते फिरलं. सहाव्या पायरीवर मी तिरका झालो, खालून पन्नास जण बघतायत, सदरा पोटावर गेलेला. म्हटलं ठेवा खाली. मग माझं ताट खाली आणलं, चपलांच्या रॅकजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टेकवून जेवलो. वर फोटो चालू होते.

आता मावसभावासाठी. बाबा, नवी पेठेतल्या तुझ्या दुकानाला एकच पायरी आहे, परवा टेप लावून मोजली मी, सात इंच. सात फुटांची रॅम्पची पट्टी लागते, सरळ रस्त्यावर येईल म्हणून घाबरू नको, ओट्याला समांतर आडवी घेतली तर बरोबर बसते. फॅब्रिकेटरला माप मी देतो, तू फक्त तिथली तुझी गाडी काढ.