‘चालतेय ना, मग रिकॉलला नेऊ नका’ : त्या मेसेजमधले दावे आणि वस्तुस्थिती

स्कूटरच्या रिकॉलबद्दल, म्हणजे कंपनी सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते त्याबद्दल, एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : गाडी नीट चालत असेल तर नेऊ नका, वॉरंटी संपली असेल किंवा गाडी सेकंडहँड असेल तर पैसे लावतात, सर्व्हिस सेंटरवाले नुसतं बघून परत पाठवतात, त्यापेक्षा नेहमीच्या मेकॅनिककडून पार्ट बदलून घ्या. यावर विश्वास ठेवून कुणी सदोष ब्रेकची गाडी चालवत राहू नये, म्हणून हे उत्तर.

‘नीट चालतेय.’ रिकॉल बऱ्याचदा निघतो तोच चालवताना न कळणाऱ्या दोषांसाठी. पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) हँडल वळवताना दर वेळी त्याच जागी वाकतो. रबर निकृष्ट असेल किंवा होज चुकीच्या वाटेने बसवलेला असेल, तर तिथे चीर पडून आत वाढत जाते. लिव्हर मात्र घट्टच लागतो. ऑइल गळून लाइनमध्ये हवा शिरली की तोच लिव्हर ग्रिपला टेकतो. चाकाच्या एक्सलमधली चीरही अशीच लपून वाढते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप चालू असताना पेट्रोलच्या नळीत साधारण 3 बार दाब असतो. बारीक चिरेतूनही पेट्रोल फवारतं, आणि जवळच इंजिन, सायलेन्सर तापलेले असतात.

म्हणून अंदाज बांधू नका, चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) तपासा. तो सहसा 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. तसं काही दिसलं तर ते 1 किंवा 0 आहे. कंपनीच्या साइटवर तोच टाका. रिकॉल ठरतो तो उत्पादनाच्या बॅचवरून, खरेदीच्या तारखेवरून नाही. त्यामुळे एकाच दिवशी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी एकच यादीत असू शकते.

वॉरंटी आणि सेकंडहँडचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही, आणि त्यातलं काम सहसा फुकट होतं. काही देशांत फार जुन्या गाड्या तेवढ्या वगळतात. मात्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, गाडी रिकॉलमध्ये आहे का हे तुम्हालाच शोधावं लागेल. त्याच भेटीत ब्रेक पॅड झिजलेले निघाले तर त्याचं बिल वेगळं. ते काम जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) वेगळं लिहायला लावा, पटलं तरच सही करा.

‘नुसतं बघून परत पाठवतात.’ हे खरं असू शकतं, आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही. पुष्कळ रिकॉलमध्ये पार्टवरचा लॉट नंबर (बॅचचा क्रमांक) बघून सदोष असेल तरच बदलायचा, अशी सूचना असते. काहींत फक्त सॉफ्टवेअर बदलतं. पण तोंडी ‘झालं’ ऐकून निघू नका. जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक, चासी नंबर, किलोमीटर, आणि ‘तपासला’ की ‘बदलला’ हे स्पष्ट लिहून घ्या. काही दिवसांनी साइटवर पुन्हा बघा. रिकॉल प्रलंबित दिसत असेल तर नोंद चढलेली नाही.

बाहेरच्या मेकॅनिकचा हात कितीही चांगला असो, सुधारित पार्ट कोणता हे त्याला कळवलेलं नसतं. बाजारात त्याच सदोष बॅचचा माल पडून असू शकतो, आणि कंपनीच्या नोंदीत गाडी दुरुस्त न झालेलीच राहते. ब्रेक होज बदलला असेल तर बँजो बोल्टच्या (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे वॉशर नवे हवेत, बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळलेला हवा आणि लाइन ब्लीड केलेली, म्हणजे तिच्यातली हवा काढलेली हवी. गाडी ताब्यात घेताना लिव्हर काही सेकंद दाबून धरा. तो हळूहळू आत जात असेल किंवा स्पंजसारखा लागत असेल, तर गाडी तिथेच ठेवा.

नोटिशीत ‘चालवू नका’ लिहिलं असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंतही चालवत नेऊ नका, उचलून न्यायला सांगा. आगीचा धोका असेल तर गाडी उघड्यावर, इमारतीपासून दूर लावा. इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगबद्दल नोटिशीत जे लिहिलंय तेच पाळा. पार्ट आला नसेल तर नाव, तारीख आणि ‘पार्ट प्रलंबित’ असं लेखी घ्या. पुढे कंपनीकडे किंवा वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करताना तोच कागद लागतो.