ईआरपीचा पैसा नफ्यात का दिसत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही हिशेब सांभाळता. ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब हे सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आली, पैसा पाण्यासारखा गेला आणि नफा-तोटा पत्रकात त्याचा मागमूसही नाही. तेवढ्या पैशात दोन सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारी) मशिनं आली असती. हर्शीसारखी बडी अमेरिकन चॉकलेट कंपनी जिथे ईआरपी बसवताना तोंडावर आपटली, तिथे आपली काय कथा? तेव्हा 'आयटीतून व्यवसायाला मूल्य मिळतं' हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी पसरवलेलं बोलणं आहे आणि मी ते माझ्या लेखात जसंच्या तसं उचललं, असं तुमचं मत.

तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आधी नफ्याचं बोलू. लॉरिन हिट आणि एरिक ब्रिन्योल्फसन यांनी १९९६ साली मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या आकडेवारीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले: संगणकांवरच्या खर्चामुळे उत्पादकता वाढली का, नफा वाढला का आणि ग्राहकाचा फायदा झाला का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं. नफा वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. हे कसं होतं, ते तुमच्या धंद्यात माझ्यापेक्षा तुम्हीच जवळून पाहता. गाडी बनवणारी कंपनी भाव कमी करून मागतच असते. आसपासच्या पुरवठादारांनी स्टॉक आटोक्यात आणला, रिजेक्शन कमी केलं, की वाचलेला पैसा त्या भावकपातीत जातो. म्हणजे पैसा वाचला, पण गल्ल्यात राहिला नाही. ज्याने ही सुधारणा केलीच नाही, त्यालाही भाव तोच द्यावा लागतो, फक्त तो स्वतःच्या खिशातून. म्हणून गेल्या वर्षीच्या नफ्याशी तुलना करून या खर्चाचा निवाडा होत नाही.

अर्थात तुमच्याकडे काहीच वाचलं नसेल, हेही अगदी शक्य आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ईआरपी बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नव्या ठिकाणी गेलो की मी मीटिंग रूममध्ये न बसता आधी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो. सकाळी टेम्पो येतो, गेटवर चलनावर शिक्का पडतो. तिकडे लाईन थांबलेली असते. सुपरवायझर बेअरिंगचे खोके थेट उचलून नेतो, 'एंट्री मागनं करू' म्हणतो. जीआरएन (माल आल्याची सिस्टीममधली नोंद) संध्याकाळी करतात, इश्यू स्लिप (माल स्टोअरमधून दिल्याची नोंद) दुसऱ्या दिवशी, कधी तर आठवड्याने, जुन्या तारखेने. तोवर सिस्टीमच्या लेखी तो माल आलेलाच नाही. प्लॅनिंगवाला एमआरपी (कुठला माल किती आणि कधी मागवायचा, हे काढणारा ईआरपीतला हिशेब) चालवतो, तर त्याच बेअरिंगची आणखी खरेदी करा असं ती सुचवते. एकदोनदा असा दणका बसला की त्याचा सिस्टीमवरचा विश्वास उडतो आणि तो आपली जुनी एक्सेल उघडतो. तिथून पुढे कंपनी ईआरपीची एएमसीही (वार्षिक देखभालीची फी) भरते आणि एक्सेल जुळवणाऱ्या माणसांचा पगारही.

यात स्टोअरकीपरला दोष देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. लाईन थांबली तर शिव्या त्याला पडतात, एंट्री उशिरा झाली तर कोणी विचारतही नाही. मग तो आधी काय सांभाळणार? हा नियम व्यवस्थापनाने बदलायचा असतो आणि त्याचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. लायसन्स, सर्व्हर, कन्सल्टंटची फी एवढंच धरून परतावा दाखवणाऱ्या विक्रेत्यांच्या तक्त्यांवर माझाही तुमच्याइतकाच आक्षेप आहे. मास्टर डेटा (आयटम, पुरवठादार वगैरेंची मूळ माहिती) साफ करण्यात आणि माणसांच्या सवयी बदलण्यात जाणारे महिने त्यात नसतात.

हर्शीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. सुमारे ११.२ कोटी डॉलरचा तो ईआरपी प्रकल्प जुलै १९९९ मध्ये प्रत्यक्ष वापरात आला, म्हणजे हॅलोविनच्या (ऑक्टोबरअखेरचा, मुलांना चॉकलेट-गोळ्या वाटायचा सण) ऑर्डरी भरायला लागतात नेमक्या त्या दिवसांत. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलं होतं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. पण चॉकलेट तर तयार होतं! हंगामाचा जादा माल मिळेल त्या जागेत ठेवायची तिथली जुनी पद्धत होती आणि त्यातल्या कित्येक जागा सिस्टीममध्ये नोंदलेल्याच नव्हत्या. माल आहे, पण सिस्टीमला दिसत नाही, म्हणून तो दुकानापर्यंत पोचत नाही. वर सांगितलेल्या बेअरिंगचं दुखणं ते हेच.

राहिला सीएनसीचा मुद्दा. मशीनचा परतावा सरळ दिसतो हे खरं, पण तोही नेहमी नाही. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली कारखान्यांतल्या विजेचा इतिहास मांडला. सुरुवातीला अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली आणि सगळी मशिनं फिरवणारा छताखालचा लांबलचक शाफ्ट, पट्टे, मशिनांची रचना तशीच ठेवली. फायदा बेताचाच झाला. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर मिळाली, कामाच्या ओघाप्रमाणे मशिनं मांडता आली, तेव्हा कुठे अमेरिकेत १९२० च्या दशकात उत्पादकतेने उसळी घेतली. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं, म्हणजे मध्ये जवळपास चार दशकं गेली. विजेवरचा खर्च वाया गेला, असं १९०० साली कोणी म्हटलं असतं तर त्याचे हिशेब अचूकच असते.

पुढच्या वर्षी ईआरपीचं क्वालिटी मॉड्यूल आणि डॅशबोर्ड घेण्याचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आहे, असंही तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर त्यावर सही करू नका. आधी सर्वांत जास्त हालणारे पन्नास आयटम निवडून प्रत्यक्ष मोजा आणि सिस्टीमशी ताडून पाहा. गेल्या महिन्यात जुन्या तारखेने किती एंट्र्या झाल्या, त्याचा रिपोर्ट काढा. माल लाईनवर जाण्याआधीच जीआरएन व्हावी म्हणून गेटवर बारकोड स्कॅनर आणि सकाळच्या पाळीला एक माणूस जादा लागला, तर तो मिळवून द्या. त्याचा पगार हा ईआरपीचाच खर्च समजा. मग तीन महिन्यांनी फरक शोधायचा तो स्टॉक किती दिवसांचा पडून आहे त्यात, आणि ऐनवेळी मागवलेल्या मालाच्या जादा भाड्याच्या बिलांत. ती बिलं तुमच्याच हातून पास होत असणार.