रायगड न पाहता पाहून येण्याची रीत

रायगडला जायचं तर जोडून आलेली सुट्टी गाठून जा. आडवारी गडावर वारा असतो, उसंत असते, पण आपण आलोय हे बघायला कुणी नसतं. राज्याभिषेकाला जाणार असाल तर ६ जूनला जायचं की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, यावर गाडीत बसल्याबसल्या कडाक्याचं भांडण उरकून घ्या. १६७४ साली तारीख आणि तिथी एकाच दिवशी आली होती. आता ती येत नाहीत, यात दोष समोरच्या गटाचाच असणार.

वाटेत पाचाड लागेल. तिथे जिजाऊंचा वाडा आहे, समाधी आहे. मुलाच्या डोक्यावर छत्र धरलेलं पाहिलं आणि दोन आठवडेही उलटायच्या आत, १७ जूनला, त्या माउलीने इथेच डोळे मिटले. पण थांबू नका. ‘जय जिजाऊ’ चालत्या गाडीतूनही म्हणता येतं, काच खाली करावी लागत नाही.

पायथ्याला आलात की एक मोठा निर्णय: पायऱ्या की रोपवे? रोपवेच. तो १९९६ पासून आहे आणि पाचेक मिनिटांत वर नेऊन सोडतो. त्या पाच मिनिटांसाठी सुट्टीच्या दिवशी हिरकणीवाडीत इतका वेळ रांगेत उभं राहावं लागतं, की तेवढ्यात धडधाकट माणूस चित्त दरवाजाने चढून वर पोचतो आणि ताक पिऊन बसतो. असू दे. त्याचे गुडघे त्याचे. (ज्यांचे गुडघे खरोखरच थकलेत, ते आजीआजोबा याच रांगेत तुमच्या मागे उभे असतील. मागे वळून बघू नका.) महादरवाजा तेवढा चुकतो. दोन भक्कम बुरुजांच्या मधे तो असा वळवून बसवलाय, की अगदी जवळ येईपर्यंत शत्रूला त्याचा पत्ता लागू नये. रोपवेने जाणाऱ्यांनाही लागत नाही. साडेतीनशे वर्षांनंतरही बांधकाम चोख काम देतंय, याचा अभिमान बाळगा.

राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, आला होता. वाड्याच्या दाराशी झुलणारे दोन हत्ती पाहून, असल्या अवघड वाटेने हे वर आणले कसे, हे त्याला उमगेना. तसं त्याने लिहून ठेवलंय. तुम्ही त्याच गडावर पोत्याएवढा स्पीकर चढवता, त्याची मात्र कुठे नोंद होत नाही. इतिहासकार पक्षपाती असतात ते असे.

वर पोचल्यावर पहिलं काम निराश होण्याचं. “इथे तर नुसते चौथरेच आहेत!” हे वाक्य नगारखान्यापाशी जरा मोठ्याने म्हणा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आगी लागल्या, वाडे जळाले. हे चौथरे म्हणजे त्यातून जे उरलं ते. पण हे ऐकून घ्यायला वेळ लागतो आणि तुमची तर रोपवेची परतीची वेळ ठरलेली. घरी गेल्यावर “बघण्यासारखं फारसं नाही, वातावरण मस्त आहे” एवढं सांगितलं की भागतं.

राजसभेत आवाजाची गंमत आहे. नगारखान्याच्या दाराशी कुणी कुजबुजलं, तर ते सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. ही किमया पारखायची योग्य पद्धत म्हणजे पन्नास जणांनी एकदम शिट्ट्या मारायच्या, मग आपसांत विचारायचं, “आलं का रे ऐकू?” तेवढ्यात कुणी गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, देऊ लागला तर हात बांधून, मान झुकवून उभे राहा. हे मनापासून करा, अंगावर काटा येतो. काटा ओसरला की पाण्याची रिकामी बाटली त्याच दगडी कट्ट्यामागे सरकवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आहे. म्हणजे बाटली आता युनेस्को उचलेल.

बाजारपेठेत गाइड सांगेल, ही बावीस-बावीस दुकानांची रांग, लोक घोड्यावर बसूनच खरेदी करायचे. ही दुकानंच होती का, याबद्दल अभ्यासकांत दुमत आहे, पण तुम्हाला काय करायचंय? त्याच उंच जोत्यावर चढून पाय हलवत बसा. पुढे टकमक टोक. तिथे कठड्याच्या आत राहून फोटो काढणं हे भ्याडपणाचं लक्षण. हिरकणी घरी तान्हं लेकरू भुकेलं म्हणून अंधारात कडा उतरली, अशी कथा सांगतात. तुमचीही निकड काही कमी नाही, रीलला लाइक्स कमी पडलेत.

ताक विकणाऱ्या मावशींशी मात्र घासाघीस केलीच पाहिजे. महाडच्या हॉटेलात चहाला मागतील तेवढे देऊन आलात, ते विसरा. “मावशी, दहाला द्या की” म्हणताना छातीवर राजमुद्रेचा टी-शर्ट असेल तर उत्तम. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असं फर्मावणाऱ्या राजाचे आपण मावळे.

आता जगदीश्वर. दर्शनाला गर्दी असते, म्हणून बाहेर पडताना पायरीकडे लक्ष जात नाही, आणि न गेलेलंच बरं. हा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी तिथे एका पायरीवर आपलं नाव कोरलंय: ‘सेवेचे ठायी तत्पर’. अख्खी राजधानी उभी केली आणि सही कुठे, तर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय पडतील तिथे! प्रसिद्धीची जाणच नाही. तुम्ही नाव टाकाल ते नजरेच्या उंचीवर टाका, ऑइल पेंटने, शेजारी बदाम, खाली गावाचं आणि ग्रुपचं नाव, म्हणजे वंशजांना शोधायला त्रास नको. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात याला दोन वर्षं कैद किंवा लाखाचा दंड होऊ शकतो खरा, पण पकडायला आधी कुणी सापडावं लागतं. आणि सापडलातच, तर “आम्ही महाराजांचे भक्त” म्हणा, आवाज थोडा चढवून.

शेजारीच समाधी आहे. तिथे पादत्राणं काढा, डोकं टेका, डोळे भरून आले तर येऊ द्या, फोन कुणाच्या तरी हातात चालू असू द्या.

उतरताना पुढचा बेत ठरवून टाका: राजगड. तीही राजधानीच, रायगडाच्या आधीची, पण तिथे रोपवे नाही, पायीच चढावं लागतं. तो होईपर्यंत थांबायला हरकत नाही. स्टेटसला तोवर हेच फोटो चालतील. सगळ्यांत तुम्हीच तर आहात, गड कोणता ते कुणाला कळायचं नाही.